आजी-आजोबा आणि पोरांना घेऊन युरोपची जुनी गावं कशी फिरायची: खान्देशातल्या घरांसाठी

युरोप म्हटलं की आपल्याकडे दहा दिवसात सात देशवाली टूरच आधी डोळ्यासमोर येते. सकाळी सहाला उठा, बसमध्ये बसा, उतरून फोटो काढा, परत बसमध्ये बसा. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर जावं, पण घरात सत्तरीला टेकलेले सासू-सासरे आणि शाळेतली पोरं असतील तर माझं मत एकदम पक्कं आहे, एकच पट्टा धरा, छोट्या गावात मुक्काम करा आणि एका ठिकाणी निदान तीन रात्री राहा. कारण ही जुनी गावं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतरच खरी दिसतात, मधल्या वेळात टूरच्या बसेस येऊन रस्ते भरून टाकतात आणि मग मुक्कामाला असणाऱ्यांनी सरळ खोलीवर जाऊन दुपारची झोप काढावी, आजी-आजोबांना तर ती लागतेच.

मी सुचवेन तो पट्टा दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रिया. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. मग रोथेनबुर्गला तीन रात्री, फ्युसेनला दोन, साल्झबुर्गला चार, कुठल्यातरी शेतावर तीन आणि शेवटी व्हिएन्नाला दोन, तिथूनच परत. तिकीट काढताना मल्टिसिटी हा पर्याय घ्या म्हणजे जायचं एका शहरात आणि यायचं दुसऱ्या शहरातून, उलटं फिरून म्युनिकला यायची गरज नाही, एक अख्खा दिवस वाचतो.

कधी जायचं? आपल्याकडे जळगाव-भुसावळ मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातं आणि पोरांना सुट्टी असते, तेव्हा मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा हाच काळ बहुतेकांना जमतो आणि तो चांगलाच आहे, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे सकाळी स्वेटर लागतो आणि पाऊस कधीही येतो, तेव्हा प्रत्येकाला एक हलकं रेनकोटसारखं जॅकेट. दुसरी म्हणजे त्याच सुमाराला बव्हेरियाच्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या त्या राज्याच्या, शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते, तिथली लोकंही कुटुंबाला घेऊन फिरायला निघतात, म्हणून राहायची जागा तीन-चार महिने आधी पकडा.

आता व्हिसा, इथे जरा सविस्तर सांगते कारण आपल्याकडच्या शेतकरी घरांना इथेच धाकधूक असते. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा एकच, पण अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या रात्री जास्त आहेत. वरच्या प्लॅनमध्ये विमान म्युनिकला उतरतंय पण नऊ रात्री ऑस्ट्रियात आहेत, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाचा. दोन्हीकडे सारख्याच रात्री असल्या तर जिथून आत शिरताय तो देश. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हाच मोठा प्रश्न असतो, फेब्रुवारीतच बघायला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या पोरांना ४५, सहाच्या खालच्यांना फी नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. १२ च्या खालच्या पोरांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, बाकी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या सगळ्यांना ठशांसाठी स्वतः जावं लागतं, म्हणून सगळ्या घराच्या अपॉइंटमेंट एकाच दिवशीच्या घ्या आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठा.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा, आजी-आजोबांचा घेताना बीपी, शुगर जे असेल ते स्पष्ट लिहा, लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, नियमित येणं-जाणं दिसलं पाहिजे. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि केळी-कापसाच्या विक्रीच्या पावत्या जोडा, माणूस परत येणार आहे हे कागदावर दिसायला याच्यासारखा पुरावा नाही. आमच्या आप्पांच्या नावावर नोकरी नाही, पेन्शन नाही, यावल तालुक्यातली केळीची बाग आहे, ती पावत्यांसकट नीट फाइलला लावली. पोरांसोबत आई-वडिलांपैकी एकच जण जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. आणि "व्हिसाची गॅरंटी" देणारा एजंट कुठल्याही गावात भेटला तरी त्याच्या नादी लागू नका, गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे एन्ट्री-एक्झिट सिस्टिम सुरू झालीय, युरोपात पहिल्यांदा उतरता तिथे चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. रांग लांबते. उतरल्यावर लगेच पुढची ट्रेन बुक करू नका, तीन तास सोडा.

जर्मनीत रेल्वेने फिरा, गाडी भाड्याने घ्यायच्या फंदात पडू नका, उजव्या बाजूने चालवायचं आणि पार्किंग शोधायचं यात चालवणाऱ्याची सगळी सुट्टी जाते. बव्हेरियात बायर्न तिकीट नावाचं एक तिकीट मिळतं, पाच मोठी माणसं दिवसभर लोकल-रीजनल गाड्यांनी कितीही फिरू शकतात, पोटची पोरं-नातवंडं १५ च्या आतली असतील तर त्यांचं वेगळं तिकीट नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवार मध्यरात्रीपासून. फास्ट आयसीई गाडीला चालत नाही हे मात्र डोक्यात ठेवा, आणि तिकिटावर सगळ्यांची नावं लिहायची असतात, चेकर बघतो. हेच तिकीट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, म्हणजे सीमा ओलांडायला वेगळा खर्च नाही. गाड्या लेट होतात, गाडी बदलताना पाच मिनिटांची जोडणी धरू नका, अर्धा तास ठेवा, आजी जिना चढतेय आणि समोरून गाडी सुटतेय असं नको.

रोथेनबुर्गबद्दल मला भरभरून सांगायचंय. टाउबर नदीच्या वर टेकडीवर वसलेलं हे गाव, भोवती दगडी तटबंदी, आणि त्या तटावरून चालता येतं, फुकट, वर लाकडी छप्पर आहे म्हणून पावसातही. एका बाजूला लोकांच्या घरांची उतरती कौलं, परसातली बाग, वाळत घातलेले कपडे आणि दुसऱ्या बाजूला भिंतीतल्या बारीक फटीतून बाहेरचं रान. जिने उंच आणि अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना एक टप्पाच करू द्या. ३१ मार्च १९४५ ला या गावावर बॉम्ब पडले, गावाचा मोठा भाग आणि तटाचाही भाग पडला, मग युद्धानंतर जगभरच्या लोकांनी पैसे पाठवले आणि ज्यांनी दिले त्यांच्या नावाचे दगड भिंतीत बसवलेत. पोरांना ती नावं वाचायचा खेळ लावून द्या, कुठला देश सापडतो बघा म्हणावं, अमेरिका, जपान सगळे भेटतात, पोरं न कुरकुरता अर्धा तट चालून जातात. उन्हाळ्यात रात्री आठला मार्केट चौकातून काळा डगला घातलेला रात्रीचा पहारेकरी कंदील घेऊन निघतो आणि इंग्रजीत गावाच्या गोष्टी सांगत फिरवतो, तो चुकवू नका. आपल्या पोरांना हे सगळं परकं वाटत नाही, पारोळ्याचा भुईकोट पाहिलेल्या पोराला तट, खंदक, दरवाजा समजावून सांगावा लागत नाही.

फ्युसेनला जायचं ते नॉयश्वानस्टाइनसाठी, डोंगरावरचा पांढरा राजवाडा. तिकीट ऑनलाइन आधी काढा, वेळ ठरलेली असते आणि ती चुकली की गेली. खालून वर अर्धा-पाऊण तास चढ आहे, मोठ्यांसाठी बस किंवा घोडागाडी घ्या. आत फोटो काढू देत नाहीत, टूर अर्ध्या तासात संपते. दिसतो जुनापुराणा पण बांधायला घेतला १८६९ मध्ये, म्हणजे आपल्या भुसावळला रेल्वे आल्यानंतर. तो बांधणारा दुसरा लुडविग राजा १८८६ मध्ये वारला तेव्हाही काम अपुरंच होतं. २०२५ च्या जुलैमध्ये ज्या बैठकीत शिवरायांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्याच बैठकीत हा राजवाडाही गेला. त्या बारात बागलाणातला साल्हेर आहे, आपल्या उंबरठ्यावरचा, पोरांना साल्हेर दाखवला नसेल तर आधी तो दाखवा, मग हे दाखवा.

साल्झबुर्गला उतरल्या उतरल्या साल्झबुर्ग कार्ड घ्या, २४, ४८ किंवा ७२ तासांचं, त्यात वरचा किल्ला, किल्ल्यावर चढणारी दोरीने ओढलेली रेल्वे, शहर बस, संगीतकार मोत्सार्टचं जन्मघर सगळं येतं. किल्ल्याचं काम १०७७ मध्ये सुरू झालंय. पण पोरांसाठी खरी जागा हेलब्रुन. चारशे वर्षांपूर्वीच्या आर्चबिशपने, म्हणजे मोठ्या धर्मगुरूने, पाहुण्यांची मजा करायला बांधलेली बाग, दगडी टेबल आहे, भोवती दगडी बैठका आहेत आणि यजमानाची एक सोडून प्रत्येक बैठकीतून अचानक पाण्याचा फवारा उडतो. सगळे भिजतात, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड घ्या.

जवळच हालाइनची मिठाची खाण आहे. पांढरे कपडे अंगावर चढवायला देतात, छोट्या गाडीने आत नेतात, मग खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंड्यांवरून खाली, आणि जमिनीखालीच चालत चालत जर्मनीची सीमा ओलांडून परत येता. चार वर्षांच्या आतल्या मुलांना घेत नाहीत. साडीवर ते कपडे चढत नाहीत, आजीला त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालायला सांगा. तळ्याकाठच्या हॉलस्टॅट गावाला जायचं असेल तर एक दिवस पुरे, रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे, गाडी आली की बोट उभी असते, तीच पाच-दहा मिनिटं सगळ्यात सुंदर. सकाळच्या पहिल्या गाडीने जा, अकरानंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

शेतावरचा मुक्काम ज्यांना फालतू वाटतो त्यांना मी हात जोडून सांगते, तो कापू नका. ऑस्ट्रियात उरलाउब आम बाउअर्नहोफ या नावाने शेतावर राहण्याच्या जागा मिळतात, खोल्यांना स्वयंपाकघर असतं आणि खाली गोठा. आमचे आप्पा शहरात शांतच असायचे, चर्च बघायचे, बाकावर बसायचे. शेतावर पहाटे उठून गोठ्यात गेले, मोबाइलवर भाषांतर लावून त्या शेतकऱ्याला विचारायला लागले, गाय किती दूध देते, लिटरला काय भाव मिळतो, उतारावर गवत कापायचं मशीन पलटी कसं होत नाही. त्यानेही केळीचे फोटो बघून घडाचं वजन विचारलं. पुढे दोन्ही दिवस आप्पा नाश्त्याच्या आधी गोठ्यातच. जूनमध्ये गाई वरच्या कुरणात चढवतात आणि सप्टेंबरात फुलांनी सजवून वाजतगाजत खाली आणतात, अगदी आपल्या पोळ्यासारखं, सप्टेंबरात जाणाऱ्यांनी ते जरूर बघावं.

खाण्याचं. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. ताजी फळंही बहुतेक बंद, पण केळी चालतात! अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांच्यासोबत केळ्याला सूट आहे, प्रवासात पोरांसाठी घडातून एक फणी काढून घ्या. काळा मसाला, शेव, शेंगदाण्याची चटणी, खिचडीचं सामान, बिबडे न्या. तांदूळ, मसूर, बटाटे, टोमॅटो, दही तिथल्या सुपरमार्केटला सगळं मिळतं. शेवभाजी छान होते, फक्त फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडून, धुराचा अलार्म वाजला तर मोठा भुर्दंड बसू शकतो. इलेक्ट्रिक शेगडीवर वांगं भाजता येत नाही, भरीत ओव्हनमध्ये होतं पण ती चव नाही. बाहेर खाताना अंडं न खाणाऱ्यांनी नूडल्स आणि गोड पॅनकेकला आधी विचारा, दोन्हीत अंडं असतं, आणि बटाट्याच्या पदार्थात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, "ओने फ्लाईश" म्हणजे मांस नको, एवढं पाठ करा.

रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी भरा. नळाचं पाणी पितात, बाटल्या विकत घेऊ नका, घेतली तर जर्मनीत रिकामी प्लास्टिकची बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाका, २५ सेंट परत मिळतात, पोरांना हे काम फार आवडतं. सार्वजनिक बाथरूमला अर्धा-एक युरो लागतो, आजीच्या पर्समध्ये नाणी ठेवा. एटीएम किंवा दुकानातलं मशीन रुपयात पैसे कापू का विचारतं, नाही म्हणा, युरोच दाबा, रेट चांगला पडतो. मोठ्या ट्रॉलीची बारीक चाकं दगडी रस्त्यावर तुटतात, मध्यम बॅग आणि पाठीवरची सॅक बरी.

तिथे केलेल्या खरेदीवरचा टॅक्स परत मिळू शकतो. ऑस्ट्रियात एका बिलावर ७५ युरोच्या वर, जर्मनीत ५० च्या वर खरेदी असेल तर दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा. तो भरून युरोप सोडताना शेवटच्या विमानतळावर कस्टम्सचा शिक्का मारून घ्यायचा, तोही बॅग चेक-इनला देण्याच्या आधी, कारण ते वस्तू बघायला मागू शकतात. तेवढ्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.