लहानपणी वाचलेलं फँटसी पुस्तक, नाव आठवत नाहीये, मग शोधायचं कसं?

एक मुलगी, तिला भेटलेला बोलणारा कोल्हा, शेवटी कोसळणारा बुरूज आणि हिरवं कव्हर. एवढंच डोक्यात उरलंय, नाव नाही, लेखक नाही. एवढ्यावर पुस्तक सापडतं का? बऱ्याचदा सापडतं, खरंच. फक्त सुरुवात गूगलवर करू नका, कागदावर करा. एकदा शंभर कव्हरं बघून झाली की त्यातलं कुठलं आपल्या आठवणीतलं आणि कुठलं आत्ता पाहिलेलं हेच कळेनासं होतं, म्हणून आधी जे जे आठवतंय ते सगळं लिहून काढा, वेडंवाकडं, क्रम नसलेलं चालेल. प्रसंग, चित्रं, एखादं विचित्र नाव, पुस्तक जाड होतं की पातळ, वाचताना भीती कुठे वाटली, सगळं.

मग प्रत्येक गोष्टीपुढे खूण करा, नक्की की बहुतेक. ह्यात घाई करू नका, कारण आठवण आपल्याला सोयीचं रूप घेते. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 साली छापलेल्या पुस्तकात ह्यावरचे प्रयोग दिलेत, त्याने लोकांना एक परकी, अनोळखी वळणाची लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली, तर कथेतल्या विचित्र गोष्टी गळत गेल्या किंवा ओळखीच्या होत गेल्या, मूळ कथेतली कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, काहींच्या लिखाणात साधी होडी झाली. आपल्या कामाचं त्यात काय आहे तर, तुमच्या यादीतली जी गोष्ट अगदी साधी, कुठल्याही परीकथेत बसेल अशी आहे तिच्यावर थोडा संशय ठेवा, कोल्हा कदाचित कोल्हा नसेलच, मुंगूस असेल किंवा लेखकाने स्वतः बनवलेला एखादा प्राणी असेल. आणि जी गोष्ट विचित्र असूनही इतकी वर्षं टिकलीये, म्हणजे समजा माशांच्या टाकीत ठेवलेलं उलटं चालणारं घड्याळ, ती सोन्यासारखी जपा. माझ्या मते पुस्तक प्लॉटने सापडत नाही, अशा एखाद्या वेड्या तपशिलाने सापडतं.

दोन पुस्तकं एकमेकांत मिसळलीत का हेही बघा, हे खूप होतं. कव्हर एकाचं, शेवट दुसऱ्याचा. सुरुवात अजिबातच आठवत नसेल तर कदाचित तुम्ही मालिकेचा मधलाच भाग वाचला असेल. किंवा ते पुस्तक नसेलच, संग्रहातली एक कथा असेल, मासिकातली असेल, नाहीतर टीव्हीवर पाहिलेलं काहीतरी असेल.

आता साल. कितवीत होतात, पुस्तक कुणी दिलं, कुठे बसून वाचलं ह्यावरून वाचल्याचं साल साधारण काढता येतं, पण ह्यातून एकच बाजू पक्की होते, की पुस्तक त्याच्या नंतरचं नाही. आधीचं मात्र कितीही असू शकतं, लायब्ररीतली पुस्तकं तीस-तीस वर्षं जुनी असतात. त्यामुळे शोधताना खालची मर्यादा सैल सोडा.

शोधताना 'जादू राजकन्या ड्रॅगन' असं टाकलंत तर हजारो पुस्तकं येतील आणि काहीच हाती लागणार नाही. तो वेडा तपशील टाका, सोबत एखादंच साधं नाम. गूगल बुक्समध्ये पुस्तकांच्या आतला मजकूर शोधता येतो, त्यामुळे एखादं वाक्य किंवा पात्राचं नाव जसंच्या तसं आठवत असेल तर ते अवतरण चिन्हांत टाकून बघा. वर्ल्डकॅटमध्ये जगभरच्या लायब्ररींचे कॅटलॉग एकत्र आहेत, तिथे साल आणि भाषा लावून यादी छोटी करता येते, आणि इंग्रजी पुस्तक असेल तर विषयाबरोबर इंग्रजीत 'ज्युवेनाइल फिक्शन' टाका, कारण कॅटलॉगमध्ये मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांना हीच खूण लावतात. फँटसीसाठी सगळ्यात कामाचा मला आयएसएफडीबी, म्हणजे इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस, हा फँटसी आणि विज्ञानकथांच्या पुस्तकांचा डेटाबेस वाटतो, त्यात वेगवेगळ्या आवृत्त्या, बऱ्याच वेळा कव्हरची चित्रं आणि संग्रहात कुठल्या कथा आहेत तेही सापडतं.

नाव सापडलं पण पटत नाहीये असं झालं तर लगेच सोडून देऊ नका, एकच पुस्तक वेगवेगळ्या देशांत वेगळ्या नावाने निघतं. फिलिप पुलमनचं 1995 चं नॉर्दर्न लाइट्स अमेरिकेत द गोल्डन कंपास नावाने आलं. आणि तुम्ही अनुवाद वाचला असेल तर पात्रांची नावंही बदललेली असू शकतात, म्हणून दोन्ही भाषांत शोधा.

एवढं करूनही नाही मिळालं तर लोकांना विचारा. रेडिटवर आणि गुडरीड्स, लायब्ररीथिंग ह्या पुस्तकांच्या साइट्सवर फक्त ह्याच कामासाठीचे ग्रुप आहेत आणि तिथली माणसं मनापासून शोधतात, अनोळखी माणसाच्या पुस्तकासाठी रात्री जागणारे लोक आहेत तिथे. पण पोस्ट नीट लिहा. शीर्षकात 'लहानपणीचं पुस्तक, मदत करा' नको, 'मुलांची फँटसी, 2003 च्या आधीची, माशांच्या टाकीत उलटं घड्याळ' असं हवं. आत भाषा, कितव्या वर्षी वाचलं, नक्की काय आणि बहुतेक काय हे वेगवेगळं लिहा, आणि कुठली पुस्तकं बघून झाली, ती का नाहीत तेही लिहा, नाहीतर पहिली दहा उत्तरं तीच येतात.

एआय चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, अंदाज म्हणून, पण ते कधीकधी अस्तित्वातच नसलेलं पुस्तक लेखकासकट ठामपणे सांगतात, त्यामुळे नाव मिळालं की आधी कॅटलॉगमध्ये आहे का बघायचं.

आणि खरंच सापडलं असं वाटलं तर खात्री कव्हरवरून करू नका, नव्या आवृत्तीला कव्हर बऱ्याचदा बदलतं. ओपन लायब्ररी ह्या साइटवर किंवा प्रीव्ह्यूमध्ये थोडी पानं वाचायला मिळाली तर तो घड्याळाचा प्रसंग शोधा. तो असेल तर पुस्तक तेच. मग ग्रुपवर जाऊन 'सापडलं' असं नावासकट नक्की लिहा, तेच पुस्तक शोधणारं अजून कुणीतरी असतंच. नसेल सापडलं तर पोस्ट डिलीट करू नका, नोटिफिकेशन चालू ठेवा, अशा पोस्टवर कित्येक वर्षांनीही उत्तर येतं.