पार्सर एकाच वाक्याची दोन झाडं छापतोय? या चुका टाळा

‘बेळगावच्या कुंद्याच्या दुकानात गेलो.’ आता दुकान बेळगावात आहे, की बेळगावचा कुंदा विकणारं दुकान निपाणीत आहे? दोन्ही अर्थ चालतात. पार्सर म्हणजे आपण लिहिलेल्या व्याकरणाच्या नियमांनी वाक्याची रचना शोधणारा प्रोग्रॅम, आणि झाड म्हणजे त्या रचनेचा आराखडा. टर्मिनलवर एनएलटीकेचा (पायथनमधली भाषेवर काम करणारी लायब्ररी) चार्ट पार्सर, म्हणजे सगळ्या शक्य रचना शोधणारा पार्सर, चालवला की दोन झाडं येतात आणि नवशिक्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. मग तो नेक्स्ट (यादीतलं पुढचं एक देणारं पायथनचं फंक्शन) लावून पहिलं झाड उचलतो आणि मोकळा होतो. साध्या व्याकरणात पहिल्या झाडाला काही मान नसतो, ते फक्त आधी सापडलेलं असतं. आधी सगळी झाडं मोजा. ‘च्या’ने जोडलेली तीन नामं असली तर 2 झाडं, चार असली तर 5, पाचला 14, सहाला 42. आकडा असा वाढत गेला तर पार्सरला दोष देऊ नका.

माझी खरी फजिती झाली ती दुसरीकडेच. आमच्या भागात कन्नड आणि मराठी शेजारी नांदतात, म्हणून कन्नडसाठी लिहिलेले नियम मी मराठीला तसेच चिकटवले. ‘हळे पुस्तकद अंगडी’ म्हटलं की पुस्तकं जुनी की दुकान जुनं, हे कळत नाही, कारण ‘हळे’ बदलत नाही. मराठीत ‘जुनं पुस्तकांचं दुकान’ आणि ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’ यांत गोंधळ नाहीच. विशेषणच सांगून टाकतं. माझा पार्सर तरी दोन्हींना दोन-दोन झाडं देत होता, कारण व्याकरणात लिंग, वचन, सामान्यरूप काहीच नव्हतं. फीचर, म्हणजे शब्दांचे असे गुण, असलेलं व्याकरण लिहिल्यावर फालतू झाडं गेली. ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानात’ची दोन मात्र राहिली, आणि ती राहायलाच हवीत.

एकही झाड आलं नाही तर? पायथनचा व्हॅल्यूएरर आला असेल तर एखादा शब्द व्याकरणात नाही. एरर नाही, झाडही नाही, तर शब्द आहेत पण नियम जुळत नाहीत. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा दोष शब्द तोडण्याचा असतो. पायथनच्या साध्या रेजेक्समधला (मजकुरात नमुना शोधण्याच्या भाषेतला) डब्ल्यू, म्हणजे अक्षर ओळखायची खूण, काना-मात्रा-वेलांटीला अक्षरच मानत नाही, त्यामुळे वर्डपंक्ट टोकनायझर (एनएलटीकेचं शब्द तोडणारं साधन) ‘कुंद्याच्या’चे 10 तुकडे करतो! त्यापेक्षा ‘कुंद्या च्या’ असं मोकळं लिहून मोकळ्या जागेवर तोडणारं स्प्लिट वापरा.

रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (सर्वात वरच्या नियमापासून खाली उतरत जाणारा) इथे नकोच. नामपदाच्या सुरुवातीला पुन्हा नामपद आलं की तो स्वतःलाच हाका मारत बसतो, शेवटी रिकर्शनएरर.

आणि ‘भाकऱ्या’सारखा शब्द डोळ्यांना तोच दिसूनही जुळत नसेल, तर कीबोर्ड तपासा. काही कीबोर्ड ऱ्या लिहिताना वेगळा ऱ वापरतात, काही साध्या र नंतर न दिसणारा जोडक घालतात. एनएफसी (युनिकोड अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणण्याची पद्धत) केल्याने हा फरक जात नाही. एक रूप ठरवा आणि दुसरं आधीच बदलून घ्या.