बाळंतविड्याचं टोपडं: लोकर कुठली, टाके किती

डोहाळजेवण उरकलं की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "बाळंतविड्यात ठेवायला टोपडं करायचंय. लोकर आणलीय, आता नमुना सांग." इथेच गाडं अडतं. रंग आवडला म्हणून चार गुंडे घरी येतात आणि मग त्या लोकरीत बसेल असा नमुना शोधत लोक रात्री मोबाइल चाळत बसतात. आधी नमुना ठरवा, मग त्याला लागेल त्या जाडीची लोकर आणा. रंग सगळ्यात शेवटी.

सुलट-उलट येतं, टाके घालता आणि बंद करता येतात, असं धरून पुढचं लिहितेय.

लोकर

"बेबी वूल" म्हणजे जाडी नव्हे. त्या नावाखाली बारीक, मध्यम सगळं खपतं आणि बहुतेक वेळा ते ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतो. ॲक्रिलिकला नाकं मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. टोपडं सारखं धुवावं लागतं. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते, आणि बाळंतिणीला तिचे लाड करायला वेळ कुठला? ॲक्रिलिकला इस्त्री मात्र लावू नका. धागा वितळून चपटा पडतो तो पडतोच. मुंबई-कोकणातल्या बाळाला सुतीच बरं, फक्त सुती धागा ताणून परत येत नाही, तेव्हा कडेची पट्टी एक सुई बारीक घेऊन विणा.

मऊपणा बोटांनी पाहू नका, आपली बोटं निबर असतात. गुंडा मानेला लावून बघा. वेष्टनावर विश्वास नसेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळाल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर, वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक.

छटांच्या लोकरीत वेणीची वीण घालू नका, वेणी दिसतच नाही. तिला साधी सुलट वीणच शोभते. केसाळ धागा बाळाला नकोच, तंतू नाकातोंडात जातात. उरलेल्या लोकरीचे मोजे करणार असाल तर जाळीही नको, तिच्या भोकांत बोटं अडकतात. दोन-तीन गुंडे लागणार असतील तर एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले, एकाच वेळी घ्या. दिवसाउजेडी रंगातला फरक कळतो.

सुया आणि तो चौकोनी तुकडा

माझं पहिलं टोपडं चहाच्या किटलीवर गेलं. अमेरिकन नमुना होता, त्यात ८ नंबरची सुई सांगितली होती. मी घरातली ८ नंबरची काढली. आपल्याकडे सुयांवर जुने ब्रिटिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, त्यांची ८ नंबर म्हणजे ५. वर लोकरही मी बारीक घेतली होती. नमुन्यात १० सेंटिमीटरला १८ टाके होते, माझे पडले २४. म्हणजे ७२ टाक्यांचं टोपडं ४० सेंटिमीटर व्हायचं ते ३० झालं. बारशाच्या आदल्या रात्री हे लक्षात आलं. तेव्हापासून मी सुईचा नंबर वाचतच नाही, मिलिमीटर बघते. आणि टाके मोजायला आधी एक चौकोनी तुकडा विणल्याशिवाय पुढे जात नाही.

"तुकडाबिकडा कशाला, आमची आजी कधी मोजायची नाही" हे मला शंभर वेळा ऐकवून झालंय. आजी वर्षानुवर्षं त्याच सुया आणि तीच लोकर वापरायची हो! तिचं मोजमाप तिच्या हातात बसलेलं होतं. आपण दरवेळी नवी लोकर आणतो.

तुकडा कसा करायचा, तर ३५ टाके घाला आणि १४-१५ सेंटिमीटर उंच विणा. दहा टाक्यांची चिंधी करून मोजाल तर आकडा खोटा येईल, कारण कडेचे टाके ओढलेले असतात. टोपडं ज्या विणीत करणार त्याच विणीत तुकडा करा. वेणीची वीण आत ओढली जाते, जाळी पसरते, त्यामुळे साध्या सुलट विणीचा आकडा तिथे चालत नाही. सुया त्याच घ्या. लाकडी आणि स्टीलच्या सुयांवर माझ्याच हाताचे टाके वेगळे पडतात.

आता ज्यावर सगळे कंटाळा करतात ते काम. तुकडा धुवा. बाळाचे कपडे जसे धुतले जातील तसाच, मग टॉवेलवर सपाट पसरून वाळवा. ओढायचा नाही, दोरीवर टांगायचा नाही. सुती तुकडा धुतल्यावर केवढा बदलतो ते एकदा बघाच. वाळला की मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. अर्धा टाकाही सोडू नका, ८० टाक्यांत तो सेंटिमीटरभर होतो. टाके नमुन्यापेक्षा जास्त आले तर जाड सुई, कमी आले तर बारीक. नवा तुकडा करा, तोही धुवा. हात सैल करून किंवा आवळून जमवू नका. चार ओळींनंतर हात मूळपदावर येतोच.

दोन सुया बदलूनही आकडा जुळत नसेल तर ती लोकर त्या नमुन्याची नाही. हट्ट सोडा.

टोपडं

डीके (मध्यम) जाडीची लोकर, ४ मिलिमीटरच्या सुया, १० सेंटिमीटरला २२ टाके. सुमारे तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला होईल. नवजात मापाचं करू नका, महिन्याभरात आखूड पडतं. ५० ग्रॅमचा गुंडा पुरून उरतो.

८४ टाके घाला. दोन सुलट, दोन उलट अशी ३ सेंटिमीटरची पट्टी, मग सुलट बाजूला सुलट, उलट बाजूला उलट, एकूण १० सेंटिमीटर होईपर्यंत. नंतर प्रत्येक सुलट ओळीत सात ठिकाणी घट, म्हणजे टाके कमी करणं: पहिल्यांदा १० सुलट आणि २ एकत्र, पुढच्या वेळी ९ सुलट आणि २ एकत्र, असं उतरत ७ टाके राहीपर्यंत. धागा तोडून त्यांतून ओवा, ओढा, मागची शिवण घाला.

तुमचे २४ टाके पडत असतील आणि लोकर बदलायची नसेल तर ९२ टाके घाला, पट्टी संपताना एक कमी करून ९१ करा आणि घट ११ सुलट, २ एकत्रपासून धरा. बंद बांधू नका, गळ्याभोवती येतात. वर गोंडा हवाच असेल तर घट्ट शिवा.

देताना टोपड्यासोबत एक चिठ्ठी ठेवा: धागा कुठला, पाणी गार की कोमट, इस्त्री नको. परदेशी जाणारं असेल तर ड्रायरमध्ये घालू नका हेही लिहा. चिठ्ठीलाच उरलेल्या लोकरीचा हातभर धागा गुंडाळून द्या, शिवण उसवली तर लागतो.