जुनी फियाट पुन्हा चालती करताय? पत्र्याला हात लावण्याआधी या चुका टाळा

माझ्या 1973 च्या प्रीमियर प्रेसिडेंटच्या, म्हणजे भारतात बनलेल्या फियाटच्या, डाव्या दारावर, रंगाच्या तीन थरांखाली, एक पांढरा गोल होता. पेंटरनं घासायला घेतलं तेव्हा मी नाशिकच्या मुंबई नाक्यावर बेअरिंग आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा गोलाचा वरचा अर्धा भाग गेलेला. आतल्या काळ्या आकड्यांपैकी पहिला 4 ओळखू येत होता, दुसऱ्याचा फक्त खालचा बाक उरला होता. तो 3 असेल, 5 असेल, 6 असेल किंवा 8. पेंटर चाचा म्हणाले, "साहेब, खाली रंग फुगला होता, म्हणून पार पत्र्यापर्यंत नेला." त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. थांबायचं कुठे, हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं.

गाडी घेताना "ही रेसला धावलीय" एवढंच कानावर आलं होतं. त्या गोलानं ते खरं असण्याची शक्यता दाखवली आणि त्याच दुपारी अर्धा पुरावा पॉलिश पेपरच्या पाण्याबरोबर वाहून गेला. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चाललोय: गाडी दुरुस्त करणं आणि तिचा इतिहास शोधणं ही दोन वेगळी कामं नाहीत. दुरुस्तीत घाई केली की इतिहास जातो, आणि इतिहास ठाऊक नसला की दुरुस्ती चुकते.

पहिली चूक: नोंद न करता गाडी खोलणं

गॅरेजला गाडी गेली की पहिल्याच दिवशी सीट, गालिचे, दारांची आतली पॅनल निघतात आणि पोत्यात जातात. त्याआधी दोन दिवस फक्त बघण्यात घालवा. मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्याचा फोटो घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर नंतर भोक केवढं होतं ते कळत नाही. चासी नंबर आणि इंजिन नंबर यांचा आरटीओला देतो तसा पेन्सिलीचा ठसा घ्या. पुसट झालेला आकडा डोळ्यांपेक्षा ठशात लवकर उमटतो.

मूळ रंग शोधायचा तर दारावर नको, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या पॅनलखाली, बिजागरांच्या आत शोधा. तिथे नंतरच्या मालकांचा ब्रश सहसा पोहोचत नाही. आणि दारावर काही लपलंय असा संशय असेल तर घासायचं यंत्र दूर ठेवा. बारीक वॉटर पेपर, भरपूर पाणी, आणि हाताखाली एका वेळी तळहाताएवढीच जागा. एक थर सरला की थांबायचं, पुसायचं, तिरक्या उजेडात बघायचं, फोटो घ्यायचा. रविवारच्या रविवार जातात, पण दुसरा मार्ग नाही.

दुसरी चूक: भोक दिसलं की बुजवणं

पत्राकाम करणाऱ्या माणसाला भोक म्हणजे दोष वाटतो. तो ब्रेझिंग करतो, वर लांबी भरतो, घासून सपाट करतो. शर्यतीत किंवा रॅलीत धावलेल्या गाडीत मात्र भोकंच सगळ्यात जास्त बोलतात.

पुढच्या बंपरखाली जोडीनं असलेली भोकं जादा दिव्यांच्या पट्ट्यांची असू शकतात. इंजिनाखाली क्रॉसमेंबरला कंपनीनं न पाडलेली भोकं असतील तर खाली सम्प गार्ड, म्हणजे इंजिनाला दगडधोंड्यांपासून वाचवणारा जाड पत्रा, होता का, ते तपासा. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागी गोल भोक असेल तर तिथे नॅव्हिगेटरचं, म्हणजे शेजारी बसून वाट सांगणाऱ्याचं, अंतर मोजायचं मीटर किंवा नकाशा वाचायचा दिवा असण्याची शक्यता दाट. बोनेटच्या पुढच्या कडेला दोन भोकं म्हणजे धावताना बोनेट उघडू नये म्हणून लावलेल्या पिना. गालिच्याखाली फ्लोअरवर चौकोनी जाड पट्ट्या, चार बोल्टांच्या खुणांसह, म्हणजे बहुधा रोल केजचे, गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याचे, पाय.

फियाटचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे मधल्या बोगद्यावर ठिगळ दिसलं तर कुणीतरी कधीतरी गिअर खाली आणला होता. अर्थात हा बदल शर्यत न खेळणाऱ्यांनीही केलाय, तेव्हा एका खुणेवर विश्वास टाकू नका. तीन-चार खुणा एकमेकींना दुजोरा देत असतील तरच पुढे जा.

इंजिनातही खुणा असतात. हेड उतरवलं की त्याची जाडी दुसऱ्या हेडशी ताडून बघा. फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, एकदा गरजेपुरतं होतं, पण फारच पातळ असेल तर कॉम्प्रेशन वाढवायला मुद्दाम घासलेलं असू शकतं. फ्लायव्हील लेथवर हलकं केलंय का, इनलेट मॅनिफोल्डला दुसऱ्या कार्बोरेटरची जागा केलीय का, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, किती मोठा केलाय, हे सगळं खोलतानाच लिहून ठेवा. फियाटच्या 1089 सीसी इंजिनाचा मूळ बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपला बोअरिंगला देण्याआधी तुमचा आजचा आकडा वहीत हवाच.

तिसरी चूक: ऐकीव गोष्ट, आणि दारावरचा आकडा

विकणारा माणूस चेन्नईजवळच्या शोलावरमचं नाव हमखास घेतो. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं, जो 1953 चा, वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला. तिकडे फियाट भरपूर धावल्या हे खरं, पण म्हणून तुमची धावली असं होत नाही.

आधी शर्यत की रॅली, हे ठरवा. ट्रॅकवरच्या गाडीला नंबर प्लेट लागत नाही, जादा दिवे लागत नाहीत, वजन कमी करायला आतलं सामान काढलेलं असतं. रॅलीची गाडी सार्वजनिक रस्त्यावरून जाते, तिच्यावर आरटीओचा नंबर असतो, नॅव्हिगेटरची जागा असते, खाली गार्ड असतो. हा फरक शोधाच्या कामाचा आहे: रॅलीच्या जुन्या फोटोत नंबर प्लेट वाचता येते आणि ती तुमच्या आरसीशी जुळवता येते. ट्रॅकच्या फोटोत ती सोय क्वचितच.

दारावरचा आकडा हा गाडीच्या ओळखीचा पुरावा नाही. तो त्या स्पर्धेतल्या प्रवेशाचा क्रमांक. पुढच्या स्पर्धेत त्याच गाडीवर दुसरा आकडा असतो आणि तुमचा आकडा दुसऱ्याच गाडीवर. 42 क्रमांकाची फियाट फोटोत सापडली म्हणून ती तुमचीच, असं मानून कित्येकांनी चुकीचा रंग मारून घेतलाय.

काळाचा घोळही टाळा. हिमालयन रॅली 1980 मध्ये सुरू झाली, त्यामुळे 1975 साली भंगारात गेलेल्या गाडीला ती लावता येत नाही. नाशिककर तर आपल्याकडची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ लगेच जोडून टाकतात. पण राष्ट्रीय स्पर्धेचा तो टप्पा इथल्या कच्च्या रस्त्यांवर गाजला तेव्हा जिप्सींसारख्या नव्या गाड्यांचं राज्य होतं, कॉलम गिअरच्या फियाटचा जमाना कधीच सरला होता.

शोध आरसी बुकापासून मागे न्या. जुन्या पुस्तकात मालकी बदलाच्या नोंदी ओळीनं असतात, ते पुस्तक हरवलं असेल तर पेठ रोडच्या आरटीओत गाडीचा तपशील रीतसर अर्ज करून मागा. पहिला मालक मुंबईचा निघाला तर वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे विचारा, ती 1919 पासून आहे. त्यापुढे आधीच्या मालकांची घरं. तिथे गाडीबद्दल विचारू नका, अल्बम मागा. लग्नाच्या, सहलीच्या फोटोंत गाडी मागे उभी असते. स्पर्धेची तारीख हाती लागली की मग वर्तमानपत्रं. सार्वजनिक वाचनालय 1840 चं आहे, ‘गावकरी’ 1938 पासूनचा. पण तारीख नसताना फाइली चाळायला बसलात तर महिना जाईल आणि हाती काही लागणार नाही.

चौथी चूक: बंद इंजिनाला थेट सेल्फ मारणं

दहा वर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून सेल्फ मारला की गंजलेल्या रिंगा बोअर ओरबाडतात, अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूच पुढे-मागे ढकलून इंजिन हातानं फिरतंय का बघा. अडलं तर जोर नको, हेड उतरवा. मोकळं फिरलं तर टॅपेट कव्हर काढून सगळे व्हॉल्व्ह वर-खाली होतायत का ते पाहा, आणि मगच सेल्फ.

पेट्रोलच्या टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं. ते जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा मऊ करतं, हवेतली ओल ओढतं, आणि टाकीत सुटलेला गंज थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये नेऊन बसवतं. इथेनॉल सोसणारे पाइप आणि नवा पडदा घाला, टाकी उतरवून आतून साफ करा, मधे फिल्टर टाका.

आता कसारा घाट. मुंबईहून येताना एप्रिल-मे महिन्यात फियाट चढावर बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. लगेच निदान होतं: व्हेपर लॉक, पंपावर ओलं फडकं टाका. कधी ते बरोबर असतं, कारण पंप इंजिनालाच बसवलेला, त्याला आच लागून पेट्रोलची वाफ होते. पण तापलेली कॉइल किंवा कंडेन्सरही अगदी असंच वागतात. गाडी बंद पडल्या पडल्या एक प्लग काढा, वायरला लावून बॉडीला टेकवा, पेट्रोलच्या पाइपांपासून लांब, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर दोष पेट्रोलचा. पिवळी, मरगळलेली किंवा नसलीच तर फडकं ठेवून उपयोग नाही, कंडेन्सर बदला, मग कॉइल. गाडी थंड झाल्यावर तपासलं तर दोन्ही ठीकच दिसणार, म्हणून तपासणी तिथेच, रस्त्याकडेला.

हेड पातळ केलेलं इंजिन असेल तर चढावर खडखड आवाज येतो, मिस्त्री टायमिंग मागे घेतो, आवाज थांबतो आणि गाडी तापायला लागते. मग रेडिएटर बदलला जातो, ब्लॉकमधला क्षार काढला जातो, तरी तापतेच. रोगाचं मूळ चाळीस वर्षांपूर्वी घासलेल्या हेडमध्ये असतं. म्हणूनच वर जाडी मोजायला सांगितलं.

पत्रा, अर्थिंग, गिअर

फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. गंजलेले सिल, म्हणजे दारांखालच्या लांब पेट्या, कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप टाकून घ्या आणि गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर समतल ठेवा. असं न करता दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले की मधला भाग केसभर खाली बसतो आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. नंतर बिजागर ठोकून ती लावली जातात, पण फटी तिरक्याच राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या पावसात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारू नका, ओल धरून पांढुरकी झाक येते.

रंगकाम झाल्यावर दिवे मंद, सेल्फ सुस्त, आणि चोकची केबल हाताला गरम? अर्थिंगची पट्टी रंगावर बसवलीय. करंट परतायला केबलमधून वाट शोधतोय. पट्टीखालचा रंग खरवडून घट्ट बसवा. ही खूण दिसूनही गाडी चालवत राहिलात तर आग लागू शकते.

गिअर अडतोय म्हणून गिअरबॉक्स खोलू नका. आधी दांड्याखालच्या लिंकेजचे बुश बघा, बहुतेक वेळा तेच झिजलेले असतात. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चक्कर माराच, पण 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी (याच फियाटचं पुढचं नाव) टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि तेव्हापासून सामान आटत चाललंय. दिसलं की घ्या. ब्रेकची रबरं मात्र जुन्या साठ्यातली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कागद शेवटी आठवणं

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि रोज चालवायची परवानगी नाही. यात अडचण अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. रोल केज वेल्ड करून बसवण्याआधी हे ठरवा: गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी की स्पर्धेत उभी होती तशी? रेसचं सामान बोल्टनं बसेल, उद्या उतरवता येईल, असंच ठेवा. इंजिन बदललेलं असेल तर नंबर आरसीवर चढवून घ्या, विकण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

उजवं दार मी चाचांना दिलं नाही. पाच रविवार लागले, चौथ्या रविवारी गोल आला आणि पाचव्याला 48. मग देवळाली कॅम्पच्या एका घरात, आधीच्या मालकाच्या सुनेनं काढून दिलेल्या अल्बममध्ये, एक कृष्णधवल फोटो निघाला. चिखलानं माखलेली फियाट, बंपरवर दोन दिवे, दारावर 17. आकडा जुळत नव्हता. भिंगाखाली नंबर प्लेट वाचली, ती आमचीच होती. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये फोटो समोर ठेवून बंपरखालची भोकं मोजली. दिव्यांमधलं अंतर बरोबर बसतंय. 48 कुठल्या स्पर्धेचा, ते अजून शोधतोय, आणि डाव्या दाराचा उरलेला अर्धा गोल चाचांनी स्वतःच टेप लावून झाकून ठेवलाय.