ॲप डॉट जेएस हजार ओळींची झालीय? राउट्स अशी सुटी करा

परवा डिचोलीतल्या एका होमस्टेचं बुकिंग ॲप परत उघडलं, दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं, आणि कपाळाला हात लावला, खोल्या, बुकिंग, लॉगिन, रिपोर्ट सगळं एकाच फायलीत कोंबलेलं. बाहेर धो धो पाऊस, लाईट येतेय-जातेय, दोन दिवस बसून सगळं सुटं केलं. एक्सप्रेस (नोड जेएसवर वेब सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर तुम्हालाही जमेल. आणि हो, पाथ, म्हणजे पत्त्यातले '/बुकिंग' सारखे भाग, इथे वाचायला बरे म्हणून देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये साधी इंग्रजी नावंच ठेवा, देवनागरी पाथ ब्राउझरकडून एन्कोड होऊन येतो आणि मॅचच होत नाही.

आधी राउट्स (कुठल्या पाथवर कुठला कोड चालायचा ते नियम) नावाचं फोल्डर करा आणि प्रत्येक विषयाची एक फाईल. खोल्यांची एक, बुकिंगची एक. काही जण गेटची (माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टची) वेगळी आणि पोस्टची (माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टची) वेगळी फाईल करतात, ते नको, बुकिंगमध्ये एक बदल करायचा तर चार फायली उघडाव्या लागतात. फायलीत एक्सप्रेस डॉट राउटर घ्यायचा (आवृत्ती 4 पासून, म्हणजे 2014 पासून आहे), गेट-पोस्ट त्याच्यावर लावायचे, शेवटी तो एक्स्पोर्ट. ॲप डॉट जेएसमध्ये फक्त ॲप डॉट यूज, पाथ '/बुकिंग' आणि पुढे तो राउटर, बस. मग फायलीच्या आत नुसतं '/' आणि '/:आयडी' (कोलन म्हणजे तिथे काहीही आलं तरी चालेल) लिहायचं, तिथे परत '/बुकिंग' लिहिलंत तर पत्ता '/बुकिंग/बुकिंग' होतो आणि मग 404 (पान सापडलं नाही) का येतोय म्हणून शोधत बसा.

आता क्रम, माझी खरी जिरली ती इथे. एक्सप्रेस वरून खाली बघत येतो आणि पहिला जो जुळेल तो पकडतो. माझं '/:आयडी' वर होतं आणि '/आज' खाली, त्यामुळे 'आज' हाच आयडी समजून मंगूजकडे (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीकडे) गेला आणि तिथून कास्ट एरर, म्हणजे हा आयडीच नाही अशी तक्रार. ऐन जत्रेच्या दिवसांत मालकाला आजची बुकिंगं दिसेनात, फोनवर फोन. तेव्हा ठरलेल्या शब्दांची राउट्स आधी, कोलनवाली नंतर.

लॉगिनची तपासणी प्रत्येक राउटवर चिकटवू नका. पणजी-मडगाव शटलला कसं, तिकीट खिडकीवर काढूनच गाडीत चढायचं, आत कंडक्टर फिरत नाही, तसं राउटरच्या डोक्यावर एकदाच राउटर डॉट यूज करून तपासणी लावा, खालची सगळी राउट्स सांभाळली जातात. पण हा राउटर ॲपला जोडताना पाथ विसरलात तर तीच तपासणी त्याच्यानंतर येणाऱ्या सगळ्या रिक्वेस्टना लागते, मग लॉगिनच्या पानावरच लॉगिन मागतं! हे मी केलंय, हसू नका.

'/खोल्या/:खोलीआयडी/बुकिंग' असं एकात एक हवं असेल तर आतला राउटर बनवताना मर्जपॅरम्स ट्रू द्या, नाहीतर आत खोलीआयडी अनडिफाइन्ड येतो. डेटाबेसचं काम मी कंट्रोलर्स फोल्डरात हलवलं, पण चार राउट्सचं ॲप असेल तर उगाच नको तो पसारा.

सगळ्या राउटर्सच्या खाली 404 चं मिडलवेअर (रिक्वेस्ट वाटेत ज्याच्यातून जाते ते फंक्शन) आणि त्याच्याही खाली एरर हँडलर, चार आर्ग्युमेंट्सचा (एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि काम पुढे सोपवणारं नेक्स्ट), नेक्स्ट वापरत नसलात तरी लिहायचाच, तीन दिलेत तर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजतो. आवृत्ती 5 मध्ये असिंक (डेटाबेससारख्या कामाची वाट बघणाऱ्या) फंक्शनातली एरर आपोआप तिथे पोचते, 4 वर असाल तर ट्राय-कॅच करून नेक्स्टला स्वतः द्यावी लागते. आणि 5 वर जाताना नुसता '*' (कशालाही जुळणारा) असलेला पाथ चालत नाही, त्याला नाव द्यावं लागतं, '/*काहीही' असं, मी ते न बघता अपडेट मारलं आणि सर्व्हर सुरूच होईना.