कापड धुतल्याशिवाय ब्रश उचलू नका: घरगुती शिवण आणि रंगकामातल्या या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की कुशनची कव्हरे आणि पडदे घरीच शिवून रंगवण्याचा उत्साह अनेकींना येतो, आणि महिन्याभरात त्यांतल्या बऱ्याच जणी आखडलेली कव्हरे व पोपडे सुटलेली फुले घेऊन माझ्याकडे येतात. चुका दरवर्षी त्याच असतात.

पहिली चूक म्हणजे नवे कापड न धुता बेतणे. कोऱ्या सुती कापडाला बहुधा खळ असते. ती असेपर्यंत रंग धाग्यात मुरत नाही, वरच बसतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात सहज 3 ते 5 टक्के आटते. हे मी फजिती होऊन शिकले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या मांजरपाटाची मी 40 सेंटीमीटरची सहा कव्हरे शिवली, कडेने कुणबी साडीसारख्या तांबड्या चौकटी रंगवल्या आणि मोठ्या दिमाखाने वहिनीला दिली. पहिल्याच धुण्यात प्रत्येक कव्हर जवळजवळ 2 सेंटीमीटरने आखडले, पॉलिएस्टरचा दोरा मात्र न आटल्यामुळे शिवणींना चुण्या पडल्या आणि चौकटींच्या जागी गुलाबी डाग उरले. वहिनीने ती निमूटपणे आतल्या खोलीत नेली. तेव्हापासून मी कापड रात्रभर भिजवते, सकाळी साबणाने धुते, इस्त्री करते आणि मगच कात्री हातात घेते. ज्यांना हे अति वाटते त्यांनी 20 सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा धुऊन पुन्हा मोजावा.

दुसरी चूक घाईची आहे. बाटलीवर लिहिलेला वाळण्याचा वेळ आपल्या श्रावणाला लागू पडत नाही, कारण ज्या हवेत डब्यातल्या मिठाला पाणी सुटते त्या हवेत रंगातले पाणी लवकर उडत नाही. वरून कोरडा लागणारा रंग आतून ओला असतो आणि त्यावर इस्त्री फिरवली की तो तिच्या तळाला चिकटून येतो. हेअर ड्रायर मारणे हा तर माझ्या मते निव्वळ आळशीपणा आहे, कारण त्याने वर फक्त साय धरते. मी कापड दोन दिवस पंख्याखाली टांगते आणि मागची बाजू हाताला गार लागली तर आणखी एक दिवस थांबते. मग रंग पक्का बसावा म्हणून उलट बाजूने, वाफेशिवाय, तीन-चार मिनिटे इस्त्री फिरवते आणि पुढचे तीन दिवस धूत नाही. एवढा धीर नसणाऱ्यांनी कव्हरे विकत आणावीत.

रंग पातळ करायला पाण्याऐवजी मीडियम (कापडाच्या रंगात मिसळायचे तयार द्रावण) वापरावे, नाहीतर रंग कडेबाहेर पसरतो. खाली वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई कापडाला लागते. तुकडे शिवण्याआधी रंगवावेत, पण कडेचा दीड सेंटीमीटर कोरा ठेवावा, कारण जाड रंगातून सुई अडखळते. मलमलीला 11 नंबरची आणि मांजरपाटाला 14 नंबरची सुई लावावी.

मशीनवर शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होऊ लागली की नवशिक्या आधी टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण बदलणारा, स्क्रू पिळतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबून धरणारा मशीनचा फूट वर उचलून तो दोरा पुन्हा ओवावा, म्हणजे तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसतो आणि स्क्रूला हात लावण्याची वेळ क्वचितच येते.