नवं संगीत नाटक बघून डोकं उठलं? मग हे करून बघा

मागच्या शनिवारी आत्याला घेऊन एका नव्या संगीत नाटकाला गेले होते. नाव सांगत नाही, प्रयोग अजून सुरू आहेत आणि मला कोणाचं तिकीट बुडवायचं नाहीये. तीनशेची दोन तिकिटं, स्कूटीचं पार्किंग, मध्यंतरातला गार वडा, सगळं झालं आणि परत येताना आत्या मागे शाल गुंडाळून बसलेली, बर्डीपासून शंकरनगर चौक येईपर्यंत एक शब्द नाही. आत्या गप्प म्हणजे नाटक गेलं. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "काऊन गं, यासाठी मले थंडीत बाहेर काढलं व्हय?"

तर अशा वेळी काय करायचं यावर लिहून राहिले. कारण आपण नागपूरचे लोक दोनच गोष्टी करतो. हॉलमध्ये टाळ्या वाजवून आत जाऊन "वा, छान झालं हो" म्हणतो आणि सकाळी तर्री पोहे खाता खाता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "भंगार आहे, जाऊ नका" टाकून मोकळे होतो. या दोन्हींतून ना नाटक सुधारत ना आपल्याला कळत की आपलं नेमकं काय बिनसलं. मी पण वीस वर्षं हेच केलंय म्हणून बोलते.

आधी म्हणजे तुलना थांबवा. निदान घरी पोचेपर्यंत तरी. हे नागपुरात फार जड जातं मला माहीत आहे. 'कट्यार काळजात घुसली' हे गाजलेलं संगीत नाटक १९६७ चं, लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, त्यात खाँसाहेबांचं काम करणारे गायक वसंतराव देशपांडे इथेच वाढलेले, सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह. म्हणजे आपण नाटक बघायला ज्या हॉलमध्ये बसतो त्याच्या दारावरच तुलना लिहिलेली असते, मग नवीन पोराचं काय खरं आहे! पण विचार करा, त्यातली पदं, म्हणजे नाटकातली गाणी, तुम्ही रेडिओवर, कॅसेटवर, आता यूट्यूबवर किती वेळा ऐकलीत? दोनशे वेळा? आणि नव्या नाटकाचं पद एकदा, तेही पुढच्या रांगेतले काका मोबाइलवर गुड नाइटचे मेसेज बघत असताना. दोनशे वेळा ऐकलेल्या चालीशी एकदा ऐकलेली चाल हरणारच. आणि "आमच्या वेळी असं नव्हतं" हेही जपून म्हणा, कारण १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल झालं तेव्हापासून हा प्रकार सारखा बदलतच आलाय. एकेकाळी रात्र रात्र चालायची ही नाटकं, वन्समोअरवर वन्समोअर, साठच्या दशकात पदं कमी झाली, नाटकं आटोपशीर झाली, तेव्हाही कोणीतरी नाक मुरडलंच असेल की.

मध्यंतरात निघून जाऊ नका. पैसे गेले आहेत, आता अर्ध्याच नाटकावर मत बनवून कशाला जायचं. ज्यानं पूर्ण बघितलं त्यालाच बोलायचा हक्क असं माझं मत आहे, पटत नसेल तर सोडा. मध्यंतरात एक काम मात्र करा, वडा हातात घेऊन ज्याला त्याला "कसं वाटलं" विचारत फिरू नका. समोरच्याचं मत एकदा कानात शिरलं की दुसरा अंक तुम्ही त्याच्याच कानानं ऐकता.

आता मुख्य काम. नाटक नेमकं कुठे पडलं ती जागा शोधायची. "काहीतरी कमी होतं" हे उत्तर नाही, ते तर लग्नातल्या वरणाबद्दल पण म्हणता येतं. जागा म्हणजे कुठला प्रवेश, कुठलं पद, कुठली ओळ. मोबाइल काढून टाइप करू नका, स्क्रीनचा उजेड मागच्यांच्या डोळ्यांत जातो. पर्समध्ये कागद असतोच काहीतरी, मी मेडिकल स्टोअरच्या बिलामागे अंधारातच लिहिलं होतं, घरी येऊन वाचलं तर "दु. प्रवेश - खांब - ४" एवढंच. पण तेवढं पुरतं.

खांब म्हणजे काय ते सांगते. नायिका खांबाला हात लावून उभी, नवरा निघून गेलाय, "आता मी बोलू तरी कोणाशी" असं काहीसं वाक्य संपलं, आणि इथे पद सुरू व्हायला पाहिजे. झालं नाही. एक, दोन, तीन, चार. चार सेकंद. तिनं पदर सारखा केला, उगाच वर झुंबराकडे बघितलं, मग स्पीकरमधून तानपुरा आला आणि तिच्या चेहऱ्यावर आलं ते दुःख नव्हतं हो, सुटका होती. "आला एकदाचा." संपूर्ण प्रवेश तिथे गेला. आता ही चूक तिची का? ती तर आवाजाची गोड होती. हा सगळा ट्रॅकचा घोळ, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या साथीचा. पूर्वी ऑर्गनवाला आणि तबलेवाला स्टेजच्या पुढ्यात बसायचे, त्यांची नजर गाणाऱ्याच्या तोंडावर, ती हुंदका द्यायला थांबली तर तेही थांबणार, तिनं एखादी जागा लांबवली तर तबलेवाला सांभाळून घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडणार. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही आणि कोणाला सांभाळत नाही. साथीदारांचा खर्च, गाडीत जागा, सगळं मान्य आहे, रोज चार वादक फिरवणं निर्मात्याला परवडत नाही हेही कळतं. पण मग पद बसवतानाच ट्रॅक धरून तालीम करावी ना, आणि बटण दाबणाऱ्याला शेवटचं वाक्य पाठ पाहिजे.

म्हणून दोष कोणाचा ते वेगवेगळं करून बघा. राज्य नाट्य स्पर्धेत परीक्षक कसे दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा सगळ्याचे गुण वेगळे देतात, तसं. आपण काय करतो, हिरोईनचा आवाज फुटला की सगळं नाटकच फुटलं म्हणतो. आवाज फुटतो तेव्हा आधी बघा की फक्त तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांतच फुटतो का आणि फक्त जोडगीतातच का. तसं असेल तर पट्टीची, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला 'सा' धरून गायचं त्याची भानगड असू शकते. बाईची पट्टी साधारण काळी चारच्या आसपास, पुरुषाची काळी एक. दोघांनी एकत्र गायचं तर कोणीतरी ओढाताण करणार, तो खाली गुरगुरतो नाहीतर ती वर किंचाळते, आणि हा चाल करणाऱ्याचा प्रश्न आहे, गाणाऱ्याचा नाही. शब्द कळत नसतील तर मध्यंतरानंतर दोन मिनिटं अगदी मागे, साउंडवाला बसतो तिथे उभं राहून ऐका. तिथे कळले तर तुमच्या खुर्चीपाशी स्पीकरचा घोळ आहे. तिथेही नाही कळले तर पुढचं बघा.

पुढचं म्हणजे शब्द आणि चाल यांचं भांडण. हे पकडायला गाणं यावं लागत नाही. ताल धरा मांडीवर, आणि समेवर कोणता शब्द येतो तो ऐका. चांगल्या पदात सम साधारण वजनदार शब्दावर येते, माणसाचं नाव, नाहीतर ज्या गोष्टीसाठी जीव चाललाय ती गोष्ट. या नाटकात एका पदात समेवर 'आणि' आलं. दर आवर्तनाला, ताल फिरून पहिल्या मात्रेवर आला की दर वेळी. आणि! बाप्पा, मी तीनदा मोजलं, मला वाटलं मीच चुकून राहिले.

पण सगळ्यात कामाची परीक्षा आत्याची आहे, आणि तिनं ती अशी शिकवायला म्हणून नाही सांगितली, घरी येऊन चहा टाकताना बोलून गेली. "तिले गाणं म्हणायचं होतं म्हणून म्हणून राहिली ते, तिले काही झालं म्हणून नाही." बस. संगीत नाटकात पात्र गायला लागतं तेव्हा बोलणं अपुरं पडलेलं असावं लागतं. मनातल्या मनात ते पद काढून टाका आणि आधीचा संवाद नंतरच्या संवादाला जोडा. काहीच अडलं नाही तर पद उपरं आहे, कितीही गोड असलं तरी. कट्यारमध्ये हे जमतं कारण तिथे गाणं हीच गोष्ट आहे, दोन घराण्यांची गायकी, पदं काढली तर नाटकच उरत नाही. आमच्या शनिवारच्या नाटकात नऊ पदं होती, मी आणि आत्यानं चहा पिता पिता सहा काढून टाकली आणि गोष्ट मजेत चालली. उरलेली तीन मात्र खरंच चांगली होती, त्यातलं एक म्हातारा दिवाबत्ती करताना गुणगुणतो ते, ते मी अजून गुणगुणतेय.

हे झालं की मग बोलायचं कुठे आणि कधी. प्रयोग संपल्यावर त्याच रात्री आत जाऊन नाही. एकदा मी गेले होते, दुसऱ्याच एका नाटकाला, तर तो मुलगा खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग काढून राहिलेला, मागे नेपथ्याच्या फ्लॅट्स, म्हणजे रंगवलेल्या भिंती, टेम्पोत चढून राहिल्या, आणि मी आपली त्याला तिसऱ्या पदातली तान समजावतेय. त्याचे डोळे अजून आठवतात. आत जायचंच असेल तर खरं असलेलं एक चांगलं सांगा आणि निघा. "दिव्याचं पद फार आवडलं." खोटं "छान" म्हणू नका, त्यांना कळतं, रोज ऐकतात ते.

मग दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि ओळख असेल किंवा नाटकाच्या पेजवर सोय असेल तर मेसेज करा. लांबलचक नाही. कुठला प्रयोग, कुठे बसलो होतो, काय आवडलं, आणि एकच जागा जिथे पडलं. एकच. नऊ लिहिल्या तर नववीपर्यंत कोणी वाचत नाही. मी नायिकेला लिहिलं ते असं: "शनिवारचा प्रयोग पाहिला, आठव्या रांगेत होते. दिव्याचं पद आत्याला आणि मला दोघींना आवडलं. दुसऱ्या प्रवेशात खांबापाशी ट्रॅक चार सेकंद उशिरा आला आणि तुमचं दुःख तिथे सुटलं असं वाटलं. तोपर्यंत मी रडायच्या बेतात होते." 'आणि'बद्दल लिहायला हात शिवशिवत होता पण ते संगीतकाराचं, तिला सांगून काय उपयोग.

सगळ्यांसाठी लिहायचं असेल तर हेच थोडं मोठं करा, शेवट फोडू नका, आणि कोणाच्या वजनावर, वयावर, रंगावर एक अक्षर नाही. तिकिटाचे पैसे वसूल झाले का तेही लिहा बिनधास्त, लोकांना तेच हवं असतं, तीनशे रुपये झाडाला लागत नाहीत.

आणि शक्य असेल तर आठ-दहा प्रयोगांनंतर परत जा. जाहिरातीत प्रयोग कितवा ते बरेचदा छापतात, बघून घ्या. सुरुवातीच्या प्रयोगांत नाटक अजून ओलं असतं, पदं कापली जातात, प्रवेश आवळले जातात, कधी कधी अख्खं पात्रच उडतं.

त्या नायिकेचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "त्या चार सेकंदांबद्दल मी तिसऱ्या प्रयोगापासून भांडते आहे, तुमचा मेसेज दिग्दर्शकाला दाखवला तर चालेल का?" म्हटलं दाखवा. आत्याला वाचून दाखवला तर चष्मा पुसत म्हणाली, "पुढच्या महिन्यात आहे म्हणते ना परत? माझंबी काढ. पण डावीकडचं काढ, उजवीकडचा भोंगा फाटून राहिला होता."